गावंडे सरांचा चिंचेखालचा वर्ग

अमरावती, ४ फेब्रुवारी

गावंडे सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागून चार महिने झाले. संपादकांच्या तीन पत्रांना मी उत्तरही दिलं नाही. त्याबद्दल मनापासून क्षमा मागते. वेळ मिळाला नाही असं लिहिणं सोपं होतं, पण ते खरं नाही.

सरांची पहिली ओळख सातवीत झाली. चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या गावी ते विज्ञान शिकवायला आले. शाळेमागच्या जुन्या चिंचेवर दिवसभर वटवाघळं लटकलेली असत. आम्ही त्या बाजूनं जातच नसू. सरांनी पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला चिठ्ठी लिहायला लावली: वटवाघळाबद्दल काय ऐकलं आणि कोणाकडून ऐकलं. ते केसांत अडकतं, आंधळं असतं, घरात शिरलं की माणूस जातो. मी लिहिलं, 'ज्या तोंडानं खातं त्याच तोंडानं घाण करतं. सांगणारी: माय.' सरांनी एकही चिठ्ठी खोटी ठरवली नाही. सगळा वर्ग चिंचेखाली नेला आणि म्हणाले, "पाहा आता."

तीन दिवस लटकण्यापलीकडे काही दिसलं नाही. चौथ्या दिवशी एका वटवाघळानं अंगठ्यांच्या नख्यांनी फांदी धरली, पाय सोडले, डोकं वर केलं आणि थेट सरांच्या टोपीवर आपलं काम उरकलं.

"सर, ते तं सुलटं झालं!" मी ओरडले.

"झालं नं? मंग जाय, मायले सांग," टोपी झटकत सर म्हणाले. "पण हासू नको. तिनं बी कोणाचं तरी आयकलंच असन."

माय म्हणाली, "तुमचे सर हेच पाहून राहिले काय दिवसभर? काही कामधंदा नाही काय त्याईले?" दुसऱ्या दिवशी मात्र डोक्यावर पदर घेऊन तीही चिंचेखाली हजर!

आपली चूक कळली की ज्याला ज्याला ती चुकीची गोष्ट सांगितली त्याच्याकडे स्वतः जाऊन कबूल करायचं, हा सरांचा नियम. वटवाघळं संत्र्याला तोंड लावत नाहीत, असं ते एकदा वर्गात बोलून गेले. एका बागवाल्या पालकांनी कुरतडलेली संत्री आणून दाखवली. सरांनी त्याच दिवशी फळ्यावर लिहिलं, 'मी चुकलो.'

मी अकोल्यात शिकत असताना बाबा आजारी पडले आणि मी परीक्षा सोडायला निघाले. सर एसटीनं डबा घेऊन आले, दवाखान्यात बाबांजवळ बसले आणि मला पेपरला पाठवलं.

आणि तरीही, कोरोनाच्या काळात, वटवाघळं रोग पसरवतील असं म्हणत ती चिंच तोडण्यासाठी गावात अर्ज फिरला तेव्हा मी त्यावर सही केली. मी तेव्हा गावीच होते आणि स्वतः शिक्षिका होते. मुलगा लहान होता, भीती वाटली, काहीच तपासलं नाही. सरांच्या विद्यार्थिनीनं केली म्हणून शेजारच्या बायांनीही सह्या केल्या. सर मात्र घरोघर, अंगणात दूर उभे राहून लोकांना समजावत फिरले. चिंच वाचली. त्या बायांना मी नंतर जाऊन माझी चूक सांगितली. सरांना नाही. त्यांनी तो अर्ज वाचला की नाही, मला ठाऊक नाही. ते आजही माझ्या शाळेतल्या मुलांना चिंचेखाली नेतात आणि परत निघताना मला चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत.

म्हणूनच लेखणी अडली होती.

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. चिंचेकडे पाहायला त्यांची मान अशीच वर वळत राहो आणि घरात जादा टोप्या असोत.

उद्याचं काम: हा लेख संपादकांना पाठवण्याआधी गावी जाऊन सरांना वाचून दाखवणे.