वर्दिया खालाचं गंधकपाणी

खजुराच्या झाडांवर चढणं हा माझा धंदा. वाळवंटाकाठच्या देगाश गावच्या बागांत बावीस वर्षं झाली मला. वर्दिया खालाच्या बागेत मी कामाला लागलो तेव्हा तिचा नवरा मसऊद झाडावरून पडून कंबर मोडून बसला होता, आणि साठ झाडं एकट्या खालाच्या अंगावर आली होती.

त्या जुलैत वाळवंटाकडचा वारा आठ दिवस थांबला नाही. त्याच्या पाठोपाठ बूफरवा आला. हा दिसेल न दिसेल इतका बारीक कोळी. हिरव्या घडांवर जाळं विणतो, जाळ्यात धूळ बसते, आतलं फळ चामड्यासारखं होतं. खालाचा दीर तिजानी शेजारच्या बागेत जालीम औषध मारत होता.

"वहिनी, दोन डबे घेऊन जा. चार दिवसांत कोळी साफ!"

"आणि माझ्या बागेचा सेंद्रिय शेतीचा दाखला? तोही चार दिवसांत साफ," खाला म्हणाली. "भावजी, तुमचं औषध कोळी खाणाऱ्या काळ्या भुंग्यांनाही मारतं. म्हणून तर गेल्या वर्षी तुमच्याकडं कोळी दुपटीनं परत आला."

तिनं गंधकाची भुकटी पाण्यात कालवली, ऑलिव्हच्या तेलाचा साबण किसून घातला, फडक्यातून गाळून घेतलं. पहाटे फवारायचं ठरलं होतं. मी मात्र दुसऱ्या बागेत अडकलो आणि पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते.

"आज राहू दे, लझहर. ऊन चढलंय," ती म्हणाली.

"खाला, एवढ्याशा उन्हानं काय होतंय?" असं म्हणून मी नळी खांद्यावर टाकून चढलोसुद्धा.

चौदा झाडांचे घड भाजले. तापलेल्या फळावर गंधक पडलं की साल करपते. तिजानी गावभर सांगत सुटला, "वहिनींनी खजूर तव्यावर भाजले!" मी मान खाली घालून उभा होतो. खाला सगळ्यांसमोर म्हणाली, "बाग माझी, पाणी माझं, चूकही माझी." माझं नाव तिनं घेतलं नाही. घरी जाऊन मी जेवलो नाही.

पुढच्या वर्षी ती मेपासूनच कामाला लागली. बुंध्याभोवतीची हरळी उपटली, कारण उन्हाळ्याआधी कोळी तिच्यातच दडतो. रस्त्याकडच्या रांगेवर धूळ जास्त, म्हणून तिथं जमीन ओली ठेवली. घड्याळजीकडून जुनं भिंग आणलं. मग एक दिवस माझा दोर हातात घेऊन म्हणाली, "मला चढायला शिकव."

"खाला, वय काय तुझं?"

"एक्कावन्न. झाडाचं सत्तर. ते तक्रार करत नाही, तू कशाला करतोस?"

पंधरा दिवसांत ती माझ्याइतकी भरभर नाही, पण सावकाश आणि माझ्याहून नीट चढू लागली. दर तिसऱ्या दिवशी भिंग लावून घड न् घड बघायची. जुलैच्या पहिल्या आठवड्यात रस्त्याकडच्या चौथ्या झाडावरून ओरडली, "लझहर! आलेत पाहुणे!" जाळं अजून धड विणलंही नव्हतं.

आम्ही आधी साध्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं ते जाळं धुतलं. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच गंधकपाणी मारलं, ऊन तापायच्या आत दोघंही खाली. बारा दिवसांनी पुन्हा एकदा. मसऊद ओट्यावर बसून मिरची-कांदा भरलेली भाकरी खात म्हणाला, "मी तीस वर्षं चढलो, पण हिच्यासारखं बघितलं नाही कधी."

ऑक्टोबरात तिचे घड उतरवले. खजूर मधासारखे, उजेडात धरले तर आतली बी दिसावी असे. तिजानीचा अर्धा माल जनावरांपुढं गेला. तो कुंपणाशी येऊन घुटमळत राहिला.

"या की आत, भावजी. कुंपण काही चावत नाही."

"वहिनी... ते पाणी किती दाट करायचं?"

खालानं आधी त्याच्या हातात भिंग दिलं. "पाण्याचं नंतर. आधी बघायला शिका."

त्यानं आपल्या बागेतलं जाळं धरलेलं एक फळ आणलं, भिंगाला डोळा लावला, बराच वेळ वाकून बघितलं आणि म्हणाला, "अरे देवा, याला पाय आहेत!"

गेल्या उन्हाळ्यात आम्ही नऊ बागा फवारल्या. पहिली तिजानीची.