तीन बोटांचा पक्षी

कच्छच्या छोट्या रणात पक्षी पाहायला माझ्यासोबत खरं तर सौंसरची माझी मैत्रीण येणार होती. आम्ही दोघीही शिक्षिका, दोघींनाही हे वेड चाळिशीनंतर लागलेलं. शाळेत जाता-येता सावरगावच्या पुलावर थांबून मी जाम नदीतले बगळे आणि खंड्ये पाहायची आणि संध्याकाळी तिला फोन करून सांगायची. दोन वर्षं ठरवत होतो, तेव्हा कुठे तिकिटं निघाली. आणि निघायच्या चार दिवस आधी तिच्या मुलीला कांजिण्या झाल्या.

एकटीने जायची माझी हिंमत होईना. ह्यांना दुकान सोडता येत नव्हतं. रात्री जेवताना हेच म्हणाले, "ताईले घेऊन जाय न. संत्र्याचा आंबिया बहार उतरून गेला, मृगाचा माल तोडाले अजून टाइम आहे. खालीच बसून आहे ते."

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. रामाकोन्याजवळ त्यांचा संत्र्याचा बगिचा आहे, थोडा कापूस, थोडी ज्वारी. साठीच्या झाल्या तरी सकाळी पाचला शेतात. आमचं नातं चांगलं, पण सणावारापुरतं. सात दिवस चोवीस तास सोबत राहायचं म्हणजे मला जरा धाकधूकच होती. ताईंना फोन केला, तर त्यांनी एवढंच विचारलं, "पाखरं पाहाले इतल्या दूर? बरं, येतो. पुऱ्या किती करू?"

पांढुर्ण्याहून नागपूर, नागपूरहून अहमदाबाद आणि तिथून जीपने पुढे. रणाच्या काठावरच्या एका गावात आमची राहायची सोय होती. गाइड तिथलाच, तिशीचा, बोलायला गोड. तोच जीप चालवायचा. ताईंना तो 'बा' म्हणजे आई म्हणायचा, मला 'बेन'.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. गवताळ माळावर त्याने जीप हळू केली, बोट दाखवलं. दहा पावलांवर चंडोलांचा एक थवा दाणे टिपत होता. मी दुर्बीण डोळ्याला लावते न लावते तोच शेजारून खणखणीत टाळी वाजली. "हाऽऽ हुर्र!" थवा उडाला.

"ताई!"

"अव मायबाई," त्या स्वतःच दचकल्या. "हात आपोआपच गेले न! चाळीस वर्सं ज्वारीवरचे राघू हाकलले मी. पाखरं दिसली का टाळी वाजतेच."

गाइड हसून हसून स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. दुपारपर्यंत ताईंनी अजून दोनदा टाळी वाजवली. मग मात्र त्यांनी दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून ठेवले.

संध्याकाळी त्याने आम्हाला पिवळ्या गवताच्या कडेला उभं केलं आणि म्हणाला, आता फक्त थांबा. सूर्य बुडता बुडता एक भोवत्या आला. घारीसारखाच शिकारी पक्षी, पण अंगाने सडपातळ. लांब पंख स्थिर धरून गवतावरून तरंगत आला आणि एकदम खाली उतरला. मग दुसरा आला, मग सहा, मग मोजायचं मी सोडून दिलं. आजूबाजूच्या सगळ्या मुलखातले भोवते तिथे झोपायला येत होते. माझ्या अंगावर काटा आला. ताईंनी माझी दुर्बीण मागून घेतली आणि अंधार पडेपर्यंत परत दिली नाही.

मला मात्र एकच पक्षी पाहायचा होता, हुबारा. माळढोकाच्या कुळातला, त्याच्याहून लहान, थंडीत दूर देशांतून इथे येणारा. मातीच्या रंगाचा असतो आणि धोका वाटला की जमिनीला चिकटून बसतो. मग दहा पावलांवरूनही दिसत नाही. दुसरा आख्खा दिवस आम्ही त्याच्या मागे हिंडलो. घुडखरांचे, म्हणजे रानगाढवांचे, कळप दिसले, तळ्यात गुलाबी रोहित पक्षी दिसले, हुबारा नाही. गाइडचा चेहरा उतरला होता. माझाही उतरला असणार, कारण रात्री ताई म्हणाल्या, "तोंड काहून पाडून राहिली? उद्या दिसन."

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आम्हाला रणाच्या आतल्या भागात घेऊन गेला. जमीन सपाट, पांढरट, भेगा पडलेली. झाड नाही, दगड नाही, कुठेकुठे गुडघाभर खुरटी झुडपं. जीप भरधाव चालली होती आणि मला ओरडावंसं वाटत होतं, इतकं ते मोकळं होतं. तेवढ्यात खालून 'फस्स' आवाज झाला आणि जीप पुढून खाली बसली. वरचा मिठाचा थर कोरडा होता, पण खाली सगळा चिखल. त्याने मागे घ्यायचा प्रयत्न केला, तशी मागची चाकंही रुतली.

खाली उतरून त्याने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. दूर क्षितिजावर एक ठिपका दिसत होता, मिठागरावरची झोपडी. तिथे ट्रॅक्टर मिळेल, म्हणाला. मग आम्हाला बजावलं, "बेन, जीप छोड़ के कहीं जाना मत. यहाँ आदमी गोल-गोल घूमता रहता है."

तो चालत निघाला. थोड्या वेळाने मृगजळात त्याचे पाय दिसेनासे झाले, मग तोही दिसेनासा झाला. ताईंनी पुऱ्यांचा डबा उघडला. इंजिन बंद, वारा बंद. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कानात आपलंच रक्त वाजतंय असं वाटत होतं.

अर्धा तास गेला असेल. मी डबा बंद करायला वाकले, तोच ताईंनी माझं मनगट धरलं.

"हालू नको," त्या ओठातल्या ओठात म्हणाल्या. "डाव्या बाजूले. झुडपाच्या मांगं."

मी मान वळवली. चाळीसेक पावलांवर एक पक्षी चालत होता. लांडोरीहून थोडा लहान, पाठ मातीसारखी आणि तिच्यावर बारीक नक्षी. मानेच्या बाजूने वरून खाली उतरलेला काळा पट्टा. एक पाऊल टाकायचा, थांबायचा, मान ताठ करून पाहायचा, मग दुसरं पाऊल.

घाईघाईत दुर्बीण लावली, तर नुसतं पांढरं हलताना दिसे. शेवटी कोपर मांडीवर रोवलं, तेव्हा कुठे तो नीट दिसला. हुबारा! त्याचा पिवळसर डोळा दिसला. त्याने एक किडा टिपला, तोही दिसला. मोबाइल पिशवीच्या तळाशी होता. चेन उघडायला हात नेला, तर ताईंनी डोळे वटारले. मी हात मागे घेतला. आम्ही दोघी श्वास धरून बसलो होतो. मग तो एका झुडपाच्या मागे गेला आणि पुन्हा बाहेर आलाच नाही.

"तोच होता न?" ताईंनी विचारलं.

मी नुसती मान हलवली आणि डोळे पुसले.

तासाभराने धडधडत ट्रॅक्टर आला. चालवणारा मिठागरावरचा म्हातारा, आणि त्याच्या बाजूला आमचा गाइड. मी पळतच गेले आणि सगळं सांगितलं. त्याने मला चिडवलं नाही, पण त्याचा विश्वासही बसला नाही. टिटवी असेल, म्हणाला, मृगजळात लहान पक्षीही मोठा दिसतो.

ताई तडक पुढे झाल्या. "टिटवी? माह्या वावरात टिटव्याच टिटव्या हायेत. मी टिटवी ओळखत नाही का?" पदर खोचून त्यांनी मान ताठ केली, एक पाऊल टाकलं, थांबल्या, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, दुसरं पाऊल टाकलं. "असा चालत होता. आन् इथून इथवर काया पट्टा," आपल्या मानेवरून बोट ओढत त्यांनी दाखवलं.

ताईंची नक्कल पाहून आलेलं गाइडचं हसू मावळलं. "बा, कहाँ देखा?"

ताईंनी झुडूप दाखवलं. तो ओणवा होऊन जमीन पाहत पाहत गेला. आम्ही मागोमाग. एका ओलसर जागी तो गुडघ्यांवर बसला. चिखलात ठसे उमटले होते. पुढे तीन जाड बोटं, मागचं बोट नाहीच.

"पीछे की उँगली नहीं है," तो हळूच म्हणाला. माळढोकाच्या कुळातल्या पक्ष्यांना ते बोट नसतंच. मग एकदम ओरडला, "हुबारा! हुबारा ही है, बेन!"

त्याने ताईंच्या पायांना हात लावला. म्हाताऱ्याला मात्र आमच्या आनंदाचं काही कळेना. त्याने जीपला साखळी बांधली, ट्रॅक्टर सुरू केला. दोनदा साखळी ताणली, जीप हलली नाही. तिसऱ्यांदा ट्रॅक्टर असा काही गरजला की जीप उसळून वर आली, आणि त्याच क्षणी पलीकडच्या झुडपातून तो उडाला. इतका वेळ तिथेच दबून बसला होता! काळ्या पंखांवर मोठे पांढरे पट्टे. संथ, सावकाश पंख मारत तो आमच्या समोरून गेला. मी ओरडत होते, गाइड ओरडत होता आणि ताई सगळ्यांत मोठ्याने.

परतायची कोणालाच घाई नव्हती. म्हाताऱ्याने झोपडीवर नेऊन बिनदुधाचा चहा पाजला. आम्ही बाजेवर बसून उरलेल्या पुऱ्या सगळ्यांना वाटल्या. ताईंनी लगेच रामाकोन्याला फोन लावला.

"अहो, ऐकून राहिले का? मास्तरीणले नाई दिसला पह्यले, मले दिसला," त्या भाऊजींना सांगत होत्या. "हो न! मोराएवढा होता!"

लांडोरीहून लहान, असं मी मध्येच म्हणणार होते, पण राहू दिलं.