चौकशीबाईंनी खोडलेलं ‘नाही’

एकतीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून पाय झिजवून बाई निवृत्त झाल्या आणि महिन्याभरातच घर खायला उठलं. त्यामुळे सर्वेक्षणाचं काम चालून आलं तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. सिगारेटमुळे दरवर्षी किती मोठी माणसं दगावतात, याचा अंदाज बांधायचा होता. जिथं माणूस गेलंय त्या घरी जायचं आणि विचारायचं, वय काय होतं, कशानं गेले, ओढायचे का? मग त्याच वयाच्या हयात माणसांनाही विचारायचं. गेलेल्यांत ओढणारे किती नि हयातांत किती, यावरून सर्वेक्षणाचे डॉक्टर हिशेब मांडायचे. “घरचे खोटं बोलले की आपला आकडाही खोटा,” ते बजावायचे. वस्तीनं बाईंचं नाव चौकशीबाई ठेवलं होतं.

एका सकाळी त्या तिसऱ्या मजल्यावर एका शिंप्याच्या घरी गेल्या. शिंपी तीन वर्षांपूर्वी, ऐन सेहेचाळिशीत फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेला होता. त्याची म्हातारी आई पलंगावर बसली होती आणि बायको मशीनवर बाही जोडत होती.

“ओढायचे का?”

“छे! माझ्या लेकाला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नव्हतं,” म्हातारी म्हणाली. “घरातल्या कटकटीनं पोखरला तो.” आणि तिनं सुनेकडे पाहिलं.

सुनेनं मान वर केली नाही. मशीन तेवढं थांबलं.

बाईंनी ‘नाही’ लिहिलं. दोन जिने उतरल्या असतील नसतील, तोच सून अनवाणी धावत आली. “बाई, दिवसाला दोन पाकिटं ओढायचे. कपड्यांना वास येतो म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरायची. माझ्यामुळे गेले, हे मी तीन वर्षं ऐकतेय. कुठंतरी खरं लिहा हो.”

तिथंच खाडाखोड करून मोकळं होता आलं असतं. पण ते बाईंच्या मनाला पटेना. गुडघे कुरकुरत असताना त्या पुन्हा वर चढल्या आणि म्हातारीशेजारी टेकल्या.

“आजी, या कागदावर कुणाचं नाव नसतं. आणि दोष कुणाचा, याला तर रकानाच नाही.”

“नाही?”

“शोधून दाखवा.”

म्हातारीनं कागद डोळ्यांजवळ धरला. एकेका रकान्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “लिहा, ओढायचा. सतराव्या वर्षी मला पहिल्यांदा सापडला, तेव्हा त्याच्या बापापासून मीच लपवलं. ते उकरलं जाईल या धास्तीनं दोष हिच्या माथी मारत बसले.” तिनं डोळ्यांना पदर लावला. सून दारातच खिळली होती. “बस गं,” म्हातारी तिला म्हणाली. “धापा टाकतेयस.”

बाईंनी खोडून ‘होय’ लिहिलं. “घरात साधारण त्यांच्या वयाचं कुणी?”

“मी आहे,” सून म्हणाली. “सत्तेचाळीस.”

“ओढता?”

“अगं बाई, तूसुद्धा?” म्हातारी ताडकन ओरडली.

“नाही हो आई!”

सुनेला आधी हसू फुटलं, मग म्हातारीला. बाईंना पेन बाजूला ठेवावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून बाई घराघरांत प्रश्नाआधी त्या नसलेल्या रकान्याचं सांगू लागल्या. लोक सैल होऊन बोलू लागले. महिन्याअखेरीस डॉक्टर म्हणाले, “बाई, तुमच्या भागातले ‘होय’ वाढलेत.” चिंतेची बातमी असूनही बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला; आकडा तरी आता खरा होता.