सुकटीचा वास

आमच्या बुरोंडीत दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी रक्तदाबाच्या संशोधनासाठी दापोलीहून एक बाई येतात. नाव विचारायचं राहूनच गेलंय. त्या माणसाला खुर्चीत बसवतात, पाय जमिनीला टेकवायला लावतात आणि पाच मिनिटं गप्प राहायला सांगतात. स्वतःही तेवढा वेळ दाराबाहेर बघत गप्प. मला ती शांतता आधी जाचायची. मग यंत्र, आणि त्याच ठरलेल्या सुरात, "काल काय काय जेवलात?"

गेल्या खेपेला वाडीत सगळ्यांचेच आकडे छान आले. आई खूश. बाई मात्र दारात उभ्या राहून हवा हुंगत होत्या.

"मावशी, आज कुणाकडेच सुकट भाजत नाहीत?"

"तुम्ही यायच्या म्हणून दोन दिवस खारं कोणी शिवलं नाय. तुमचं काम चांगलं दिसायला नको?"

बाई रागावल्या नाहीत. वहीत लिहू लागल्या, तेव्हा मी डोकावलो. 'आज वाडीत सुक्या मासळीचा वास नव्हता. आकडे धरू नयेत.'

चार दिवसांनी, न कळवता, त्या पुन्हा दारात. आईने घाईघाईने तव्यावर झाकण टाकलं. बाईंनी खोल श्वास घेतला आणि पहिल्यांदाच हसल्या.

"राहू दे, मावशी. आता बसा गप्प."