फॉलखालचा जांभळा

नवरात्रातला आजचा रंग जांभळा, आणि माझ्या कपाटात जांभळं काहीच नाही. सासूबाईंनी माझीच एक बिनकाठाची जुनी साडी काढली आणि आतल्या बाजूचा फाटका फॉल उसवायला घेतला.

"आई, ती राखाडी आहे हो!"

"बघ तरी."

फॉल निघाला. त्याखालची चार बोटं रुंद पट्टी पिकल्या जांभळासारखी गर्द होती. रंग एका दिवसात उडाला असता, तर मी केवढा आरडाओरडा केला असता! तो रोज थोडाथोडा गेला, आणि मी साडीला राखाडी म्हणू लागले. कधीपासून बरं?

नवा फॉल न लावता मी ती साडी उलटी नेसले. पट्टी बाहेर आली.

"काठ कधी लावलास?" शेजारच्या नीतानं विचारलं.

"काठ नाही गं, हीच मूळ साडी. बाकीची नंतरची."