डब्याचा टीव्ही

नांदेडहून लातूरला जाणाऱ्या एसटीत पन्नाशीची एक बाई माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर जुना, डब्यासारखा टीव्ही. खड्डा आला की ती त्याच्या काचेवर तळवा ठेवायची.

"असला टीव्ही आता कशाला, ताई?" मी विचारलं.

"भावासाठी. चाकूरला असतो. अंगावरून वारं गेलं त्याच्या, उजवा हात धड उचलत न्हाई. लहानपणी आम्ही व्हिडिओ गेमच्या बंदुकीनं पडद्यावरची बदकं मारायचो. त्याचा नेम लई पक्का. परवा त्यानं तीच बंदूक नव्या टीव्हीला लावली. एक बदक पडलं न्हाई. तवापासून म्हणायलाय, माझा हातच गेला. नीट जेवत बी न्हाई."

"मग?"

"मेकॅनिक म्हणला, ती बंदूक नव्या टीव्हीवर चालतच न्हाई, डब्याचाच लागतो. पर भावाला पटंना."

मला राहवलं नाही. "आणि याच्यावरही नेम लागला नाही तर?"

तिनं पदरानं टीव्हीच्या काचेवरची धूळ पुसली.

"तर म्हणीन, ह्यो टीव्ही बी खराब निघाला. दुसरा शोधते."

चाकूरला टीव्ही उतरवायला मी हात लावला. तो इतका जड असेल, असं तिच्याकडे बघून वाटलं नव्हतं.