आण्णांच्या विहिरींची फाईल

मंडळी, आज सकाळी माहेरी, निमगाव सावाला आले, तर वडील, म्हणजे आमचे आण्णा, कॉम्प्युटरपुढे बसलेले. गावातली कुठली विहीर कोणी खोदली, पाणी किती हातांवर लागलं, हे सगळं आण्णा गेले नऊ महिने एका बोटाने वर्डमध्ये टाईप करत होते. काल सेव्ह होतानाच लाईट गेली. आता फाईल उघडली की नुसते चौकोन दिसतात.

फाईल दुरुस्त करायचे होते नव्हते तेवढे उपाय केले. जमलं नाही, तशी मी चिडले. "आण्णा, दुसरीकडे कॉपी ठेवा म्हणून किती वेळा सांगितलं तुम्हाला?"

"ठेवली व्हती की. दर रविवारी तुलाच मेल करत व्हतो. तू कायच बोलली न्हाईस, मला वाटलं पोचतच नसंल."

मी मोबाईलवर मेल उघडला. सेलच्या जाहिरातींमध्ये आण्णांचे एकोणचाळीस मेल, एकही मी उघडला नव्हता. शेवटच्यात गेल्या रविवारपर्यंतची फाईल शाबूत! राहिलेली एक विहीर त्यांनी सांगितली, मी टाईप केली.

आण्णा लई खूश. म्हणाले, "बरं झालं बाई, तू जपून ठेवलंस."

जपलं कुठलं हो, मी ते कधी उघडलंच नव्हतं. तुमच्याकडे कोणाचं काय असं पडून आहे?